लिफ्टमधून थेट ब्रॉडवेवर? चार्ल्स गिल्पिनच्या गोष्टीतलं खरं-खोटं

प्रेरणादायी म्हणून फिरवली जाणारी ती गोष्ट थोडक्यात अशी. न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स गिल्पिन नावाचा एक कृष्णवर्णीय लिफ्टमन होता. नाटकाचा त्याला गंधही नव्हता. युजीन ओ'नील या नाटककाराने त्याला लिफ्ट चालवताना पाहिलं, हेरलं आणि १९२० साली 'द एम्परर जोन्स' या नाटकात एकदम नायक केलं. एका रात्रीत तो ब्रॉडवेवरचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरचा, पहिला कृष्णवर्णीय स्टार झाला, साऱ्या अमेरिकेने त्याला डोक्यावर घेतलं. पण यश पचलं नाही. दारू लागली, भूमिका गेली, ती पॉल रोब्सन या दुसऱ्या कृष्णवर्णीय नटाला मिळाली आणि हा गडी पुन्हा लिफ्टमध्ये उभा राहिला. शेवटी तात्पर्य: संधी टिकवायला शिका.

गिल्पिन लिफ्ट चालवायचा हे खरं आहे. तो प्यायचा हेही खरं आहे. या दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये जे रचलंय, त्यातलं फारच थोडं तपासात टिकतं.

आधी तो 'गंधही नव्हता'चा भाग. गिल्पिनचा जन्म १८७८ चा, व्हर्जिनियातल्या रिचमंडचा. पोरवयात त्याने छापखान्यात उमेदवारी केली. विशीच्या आत, १८९६ च्या सुमाराला, तो फिरत्या संचांत गाऊ-नाचू लागला. जोन्सची भूमिका त्याला मिळाली तेव्हा तो बेचाळिशीला टेकला होता आणि रंगभूमीवर त्याची जवळपास चोवीस वर्षं झाली होती. एवढा अनुभव त्या नाटकाच्या लेखकालाही नव्हता. ओ'नील तेव्हा बत्तीस वर्षांचा होता आणि त्याचं पहिलं पूर्ण लांबीचं नाटक ब्रॉडवेवर येऊन वर्षही झालं नव्हतं.

ही चोवीस वर्षं नुसती इकडेतिकडे भटकण्यात गेलेली नाहीत. १९०७ पासून गिल्पिन शिकागोच्या पेकिन थिएटरात होता. रॉबर्ट मॉट्स या कृष्णवर्णीय मालकाने आपल्या दारूच्या गुत्त्याचं नाट्यगृह केलं होतं. मालक कृष्णवर्णीय, नट कृष्णवर्णीय आणि संच कायमचा. अशा संचात नवं नाटक भराभर उभं करावं लागतं. आज म्हातारा, पुढच्या खेपेला खलनायक, त्यापुढे विनोदी नोकर. नटाचं पाठांतर, आवाज आणि अंग तिथे तयार होतं. पुढे १९१५ मध्ये ॲनिटा बुश या अभिनेत्रीने हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत स्वतःचा संच काढला, त्यात गिल्पिन होता. याच संचात डूली विल्सनही होता, म्हणजे पुढे 'कॅसाब्लांका' सिनेमात पियानोपाशी बसलेला सॅम. संच लवकरच लिंकन थिएटरातून लाफायेट थिएटरात गेला आणि लाफायेट प्लेअर्स म्हणून नावारूपाला आला. ब्रॉडवेवर गाजलेली नाटकं हे लोक हार्लेमच्या प्रेक्षकांसमोर करत. 'द ऑक्टरून' या जुन्या नाटकातला मॅक्लॉस्की हा गोरा खलनायक गिल्पिनने तोंडाला पांढरा रंग फासून केला. गोरे नट तोंडाला काळं फासून हशे घेत होते, त्या काळातली ही गोष्ट आहे. पुढे पगारावरून बिनसलं आणि त्याने तो संच सोडला.

मग लिफ्ट कुठून आली? तर दोन कामांच्या मधल्या रिकाम्या दिवसांतून. गिल्पिन छपाई करायचा, न्हाव्याचं काम करायचा, हमाली करायचा, लिफ्टही चालवायचा. संच मोडला, दौरा संपला की पोटासाठी हेच उरायचं, कारण गोऱ्या नाटक कंपन्यांत त्याच्यासाठी भूमिकाच नसत. म्हणजे तो लिफ्टमधून रंगभूमीवर आला नाही. रंगभूमीवर काम नसलं की लिफ्टमध्ये जात होता. गोष्टीने हा क्रम उलटा केला आणि त्यासोबत पेकिन, लाफायेट, मॉट्स, बुश ही सगळी मंडळी पुसून टाकली. ज्यांनी नट घडवला ते गायब, आणि ज्याने घडलेला नट वापरला तो परीस! मला या गोष्टीतली सर्वांत खटकणारी बाब हीच वाटते.

ओ'नीलने हेरलं म्हणतात, तेही तसं नाही. गिल्पिन ब्रॉडवेवर आला तो 'द एम्परर जोन्स'च्या जवळपास वर्षभर आधी. १५ डिसेंबर १९१९ रोजी कॉर्ट थिएटरात जॉन ड्रिंकवॉटर या इंग्रज लेखकाचं 'अब्राहम लिंकन' लागलं. त्यात लिंकनला भेटायला येणारा विल्यम कस्टिस हा वृद्ध धर्मोपदेशक गिल्पिनने केला. भूमिका एका प्रवेशापुरती, पण ती नजरेत भरली. 'जोन्स' बसवणारी प्रॉव्हिन्सटाउन प्लेअर्स ही न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातली हौशी वळणाची छोटी मंडळी. एखाद्या गोऱ्या नटाला काळं फासून उभं करण्याचा विचार तिथेही झाला होता. रीतच ती होती. कृष्णवर्णीय नटच हवा असा आग्रह मंडळीतल्याच काहींनी धरला, म्हणून गिल्पिनकडे विचारणा झाली. हे धाडस होतं आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण ते एका माणसाच्या दिव्यदृष्टीचं नव्हे.

'ब्रॉडवेवरचा पहिला' या दाव्याला फार वेळ द्यायला नको. बर्ट विल्यम्स आणि जॉर्ज वॉकर या कृष्णवर्णीय विनोदी जोडीचं 'इन दहोमी' हे सगळे नट कृष्णवर्णीय असलेलं संगीत नाटक १९०३ च्या फेब्रुवारीत टाइम्स स्क्वेअरच्या न्यूयॉर्क थिएटरात लागलं आणि पुढे लंडनलाही गाजलं. १९१० पासून विल्यम्स झिगफेल्ड या निर्मात्याच्या 'फॉलीज' या नाचगाण्यांच्या झगमगत्या कार्यक्रमांमध्ये गोऱ्या नटांच्या बरोबरीने झळकत होता. गंभीर नाटक म्हणाल, तर एप्रिल १९१७ मध्ये गार्डन थिएटरात रिजली टॉरेन्स या लेखकाच्या तीन एकांकिका कृष्णवर्णीय नटांनी केल्या होत्या. गंमत म्हणजे गिल्पिनने स्वतः विल्यम्स-वॉकरच्या संचात काम केलं होतं.

तरीही गिल्पिनने जे केलं ते नवं होतंच, आणि ते नेमकं काय हे या गोष्टीत कुठेच येत नाही. नाटकाचे प्रवेश आठ. ब्रूटस जोन्स हा पूर्वी रेल्वेच्या पुलमन डब्यात पोर्टर असलेला, तुरुंगातून पळालेला माणूस कॅरिबियनमधल्या एका बेटावर सम्राट होऊन बसलाय. प्रजा उठते, तो रात्री जंगलात पळतो. दूरवर ढोल सुरू होतो, मिनिटाला ७२ ठोके, माणसाच्या नाडीइतके, आणि मग लय वाढतच जाते. पहिला आणि शेवटचा प्रवेश सोडला तर मधल्या सगळ्या प्रवेशांत बोलणारा एकटा जोन्सच. समोर येतात ती त्याची भुतं, आणि ती मुकी. प्रवेशागणिक अंगावरचा झगमगता पोशाख फाटत जातो, माणूस उघडा पडत जातो. असं नाटक 'लिफ्टमध्ये सापडलेला' माणूस पेलू शकत नाही. नोव्हेंबर १९२० मध्ये मॅकडूगल स्ट्रीटवरच्या छोट्या नाट्यगृहात ते सुरू झालं, गर्दी लोटली, डिसेंबरअखेर सेल्विन थिएटरात गेलं, तिथून प्रिन्सेस थिएटरात. एकूण २०४ प्रयोग, आणि त्यानंतर देशभराचा लांबलचक दौरा.

'साऱ्या अमेरिकेने डोक्यावर घेतलं' हे अर्धं खरं. १९२१ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एनएएसीपी या संस्थेने त्याला स्पिंगार्न पदक दिलं आणि राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी व्हाइट हाउसमध्ये त्याची भेट घेतली. पण त्याच वर्षी ड्रामा लीग या नाट्यप्रेमींच्या संस्थेने रंगभूमीसाठी सर्वाधिक काम केलेल्या दहा जणांत त्याची निवड केली, तेव्हा सन्मानाच्या जेवणाला त्याला बोलवायचं की नाही यावर वाद पेटला. नट म्हणून सन्मान चालेल, पंगतीला मात्र नको! इथे ओ'नीलच्या बाजूने सांगायला हवं, की गिल्पिनला बोलावणार नसाल तर आम्हीही येणार नाही, असं इतर मानकऱ्यांकडून वदवून घेण्यासाठी त्याने खटपट केली. अखेर बोलावणं गेलं, गिल्पिन गेला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पण त्याने स्वतः तेव्हाच बोलून दाखवलं होतं, की मी गोरा असतो तर एवढ्या यशानंतर डझनभर संधी चालून आल्या असत्या. आता इथून पुढे मी जाऊ कुठे? याच तोलाची दुसरी भूमिका त्याला कोणी दिली नाही.

आता दारू. त्याचं पिणं वाढलं होतं आणि त्याचा त्रास सगळ्यांना झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण भूमिका केवळ त्यामुळे गेली म्हणणं सोयीचं आहे, कारण त्यात लेखक आणि नट यांच्यातलं भांडण लपतं. संहितेत कृष्णवर्णीयांसाठीची ती वर्णद्वेषी शिवी वारंवार येते. प्रयोगामागून प्रयोग ती उच्चारणं गिल्पिनला नकोसं झालं आणि तो तिच्या जागी पदरचे सौम्य शब्द घालू लागला. ओ'नील भडकला, पुन्हा वाक्यं बदललीस तर ठोकून काढीन, अशी धमकी त्याने दिल्याचं सांगतात. लेखकाचा शब्द बदलू नये हा आग्रह मला समजतो. पण ती शिवी रोज रात्री स्वतःच्या तोंडून, बहुतेक गोऱ्या प्रेक्षकांपुढे काढावी लागणाऱ्या माणसाला ती कमी करावीशी वाटली, याला नखरे म्हणणं मला जमत नाही. १९२३ साली मायकेल गोल्ड या लेखकाला लिहिलेल्या पत्रात ओ'नीलने गिल्पिनबद्दल मनसोक्त आगपाखड केली आणि त्याच पत्रात तरुण रोब्सनची तोंडभरून स्तुती केली.

रोब्सनचा प्रवेशही गोष्टीत सांगतात तसा नाही. ओ'नीलला तो हवा होता 'ऑल गॉड्ज चिलन गॉट विंग्ज' या नव्या नाटकासाठी. नायिका मेरी ब्लेअर आजारी पडली, प्रयोग लांबला, म्हणून मधल्या काळात, मे १९२४ मध्ये, 'जोन्स' पुन्हा काढण्यात आलं. पुढच्या वर्षी लंडनलाही रोब्सनच गेला. आणि गिल्पिन? १९२६ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या मेफेअर थिएटरात तीच भूमिका पुन्हा केली. त्या प्रयोगात गोऱ्या व्यापाऱ्याचं, स्मिदर्सचं, काम करणारा पोरगा म्हणजे पुढे नामवंत नाटककार झालेला मॉस हार्ट. म्हणजे रोब्सन आल्यावर गिल्पिन कायमचा बाहेर फेकला गेला हेही चूक. त्यानंतर मात्र आवाज आणि तब्येत दोन्हींनी दगा दिला. ६ मे १९३० रोजी न्यू जर्सीत तो गेला, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी.

ओ'नीलने उतारवयात आपल्या नाटकांकडे वळून पाहिलं, तेव्हा आपण कल्पिलेलं पात्र जसंच्या तसं उभं करणाऱ्या अगदी मोजक्या नटांत त्याने गिल्पिनचं नाव घेतलं. तोवर गिल्पिनला जाऊन बरीच वर्षं लोटली होती. मरताना त्याचं नाव कोणाला आठवत नव्हतं, असं शेपूटही काही जण या गोष्टीला जोडतात. क्लीव्हलंडमधल्या कृष्णवर्णीय हौशी मंडळींनी १९२२ सालीच आपल्या संचाला 'गिल्पिन प्लेअर्स' असं नाव दिलं होतं, आणि तो गेल्यानंतरच्या दशकात लँग्स्टन ह्यूज या कृष्णवर्णीय कवी-लेखकाची नाटकं या संचाने त्याच नावाने रंगमंचावर आणली.