पुन्हा लाईट गेली!

जीसीसी (कोड कंपाइल करून, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवून देणारा कंपाइलर) सोर्समधून, मूळ कोडपासून बिल्ड करायचा म्हणजे तो गडी स्वतःलाच तीनदा कंपाइल करतो; दुसऱ्या न् तिसऱ्या खेपेच्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल होऊन निघालेले तुकडे) जुळल्या की मगच त्याचं समाधान. (आधी त्याला लागणाऱ्या जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी या गणिती लायब्रऱ्यांचे लाड वेगळेच.) माझ्या जुनाट डेस्कटॉपवर यात अख्खी रात्र जाते. अन् परभणीत, मे महिन्यात, रात्रभर लाईट? काल तिसरी खेप नुकती लागली होती. पंखा थांबला, स्क्रीन काळी. अंधारातून आई म्हणते, "रातभर काय शिजवायलास रे? झोप आता!" पहाटे मेक (बिल्ड चालवणारी कमांड) परत चालवलं, तर अर्धवट मेलेली शून्य बाइटची ऑब्जेक्ट फाइल समोर: 'फाइल ट्रंकेटेड', म्हणजे फाइल अर्ध्यातच तुटलेली. पुसा सगळं, करा पहिल्यापासून! यूपीएस? त्याची बॅटरी मागच्याच उन्हाळ्यात फुगलीय.