‘डिव्हाइस ट्रीवर वेळ वाया घालवला’ या अभिप्रायास आमचे उत्तर

सस्नेह नमस्कार.

आमच्या एम्बेडेड लिनक्स (उपकरणांतल्या छोट्या बोर्डांवर चालणारे लिनक्स) कार्यशाळेला दोन तारे देताना आपण लिहिले आहे की, ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) शिकवण्याऐवजी डिव्हाइस ट्रीच्या, म्हणजे बोर्डावर कोणते हार्डवेअर कुठे आहे हे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सांगणाऱ्या फाइलच्या, मजकुरावर फार वेळ घालवला, चिप बनवणारी कंपनी तयार फाइल देत असताना ती हाताने लिहायला लावली, आणि सरावात घड्याळाची चिप चालेना तेव्हा प्रशिक्षकांनी उत्तर न सांगता आपल्यालाच शोधायला बसवले. प्रवेश घेण्यापूर्वी अनेक जण हेच विचारतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

डेस्कटॉप संगणकात पीसीआय आणि यूएसबीवरची उपकरणे विचारताच आपली ओळख देतात, आणि बाकीची बरीच माहिती फर्मवेअर (यंत्रातच साठवलेले मूळ सॉफ्टवेअर) एसीपीआय या मानकाच्या तक्त्यांतून पुरवते. आपल्या हातातल्या छोट्या बोर्डावर ही सोय नसते. आय-टू-सी बसवर (चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या मार्गावर) बसलेली चिप आपण होऊन नाव सांगत नाही. प्रोसेसरमधला यूएआरटी (सिरियल पोर्ट चालवणारा भाग) कोणत्या पत्त्यावर आहे, त्याचा इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत) कोणता, त्याला क्लॉक (ठोक्यांचा संकेत) कुठून मिळतो, हे कर्नलला कोणीतरी लिहून द्यावेच लागते. एआरएम प्रोसेसरांवर पूर्वी ही माहिती बोर्डागणिक वेगळ्या सी फाइलमध्ये, थेट कर्नलच्या सोर्समध्ये कोंबलेली असे, आणि त्या पसाऱ्यावर लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी मार्च २०११ मध्ये उघड नाराजी व्यक्त केली होती. पॉवरपीसी या दुसऱ्या प्रोसेसर-कुळावर आधीच रुळलेली डिव्हाइस ट्रीची पद्धत त्यानंतर एआरएमवर झपाट्याने पसरली, आणि डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या ३.७ आवृत्तीपासून निरनिराळ्या कंपन्यांच्या एआरएम चिपसाठी एकच कर्नल बांधण्याची वाट मोकळी झाली. हे वर्णन आता बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) कर्नलच्या हाती सोपवतो, आणि त्यातल्या ‘कम्पॅटिबल’ या ओळीशी जुळणारा ड्रायव्हर सापडला तरच त्याचे प्रोब फंक्शन (उपकरण सुरू करणारा भाग) चालते. म्हणून हा भाग वगळून ड्रायव्हर शिकवणे मला पटत नाही.

आता आपल्या घड्याळाच्या चिपविषयी. डीएस३२३१ या चिपचा सात बिटांचा पत्ता ११०१००० आहे, म्हणजे हेक्समध्ये ६८. चिपला माहिती पाठवताना त्याच्या शेवटी शून्याचा आणखी एक बिट जोडला जातो आणि बसवर जाणारा बाइट हेक्स डी० होतो. आपण नोडच्या (डिव्हाइस ट्रीमधल्या त्या चिपच्या नोंदीच्या) ‘रेग’ या पत्त्याच्या ओळीत डी० लिहिले होते. लिनक्सला तिथे सात बिटांचाच पत्ता लागतो, त्यामुळे कर्नलने तो अवैध ठरवून नाकारला आणि तसे बूटच्या लॉगमध्ये स्पष्ट नोंदवले. प्रशिक्षकांनी आपल्याला तो लॉग वाचायला सांगितले, ते टाळाटाळ म्हणून नव्हे. ‘कम्पॅटिबल’मध्ये एखादे अक्षर चुकले असते तर बहुधा लॉगमध्येही काही दिसले नसते: डिव्हाइस ट्रीचे रूपांतर करणारा डीटीसी कंपायलर फाइल मुकाट्याने स्वीकारतो, बोर्ड बूट होतो, आणि ड्रायव्हर नुसता गप्प राहतो. अशा वेळी प्रॉक या कर्नलच्या फोल्डरमधली डिव्हाइस ट्री उघडून कर्नलला प्रत्यक्षात काय मिळाले ते पाहणे, बाइंडिंगच्या (नोंदीत काय लिहावे हे सांगणाऱ्या) दस्तऐवजाशी ताडणे आणि मग स्किमॅटिककडे (बोर्डाच्या जोडणीच्या आराखड्याकडे) वळणे, ही सवय नोकरीत पहिल्याच आठवड्यात कामाला येते.

तयार फाइलबद्दल इतकेच सांगतो की, ती त्या कंपनीच्या स्वतःच्या इव्हॅल्युएशन (चाचणीच्या) बोर्डाचे वर्णन करते. चिपची सामायिक डीटीएसआय (इतर फाइलींत समाविष्ट होणारी) फाइल अवश्य घ्यावी, आम्हीही तीच घेतो. पण आपल्या बोर्डावर ईथरनेट फायचा (नेटवर्कची तार जोडणाऱ्या चिपचा) पत्ता रेझिस्टरने वेगळा ठरवलेला असेल, एखादा रेग्युलेटर (वीजदाब स्थिर ठेवणारी चिप) बदललेला असेल, किंवा तोच पिन दुसऱ्या कामासाठी वापरला असेल, तर ते कर्नलला सांगणे आपल्याच हाती असते. सामायिक फाइलमध्ये बहुतेक पेरिफेरल (यूएआरटीसारखे जोडभाग) ‘डिसेबल्ड’ ठेवलेले असतात, ते याच कारणाने.

ड्रायव्हर लेखनाला अधिक वेळ हवा ही आपली अपेक्षा रास्त आहे, परंतु त्यासाठी डिव्हाइस ट्रीचे तास कमी करणार नाही. आपण सध्या ज्या बोर्डावर काम करत आहात त्याचे स्किमॅटिक दाखवण्यास आपल्या कंपनीची हरकत नसेल, तर ते घेऊन कोणत्याही शनिवारी प्रयोगशाळेत या. वेगळे शुल्क न घेता त्याची डीटीएस (डिव्हाइस ट्रीची) फाइल आपल्यासोबत बसून पहिल्या नोडपासून लिहू.

— संचालक