बिलाचे सारखे भाग आणि मैत्री : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

आपण इतक्या सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत याबद्दल मनापासून आभार. मित्रांच्या घोळक्याने हॉटेलात जेवल्यावर बिलाचे सरसकट सारखे भाग करू नयेत, ज्याने जे खाल्ले-प्यायले त्याच्या जवळपास जाईल एवढीच त्याची कॉन्ट्री असावी आणि हे ऑर्डर देण्याआधी ठरावे, असे मी लेखात म्हटले होते. त्यावर आपले तीन आक्षेप आहेत. असा हिशेब मैत्रीला शोभत नाही, आपल्या तरुणपणी इराण्याकडे तासन्‌तास बसूनही कोणी कधी पै-पैचा हिशेब मांडला नाही, हा पहिला. वेगवेगळी बिले मागितल्याने वेटरला हकनाक त्रास होतो, हा दुसरा. आणि ज्याला परवडत नाही त्याने मोकळेपणाने तसे सांगावे, खरे मित्र समजून घेतात, हा तिसरा. या तिन्हींमागे मैत्रीविषयीची आस्था आहे हे मला दिसते आणि म्हणूनच दोन ओळींत उत्तर आटोपावे असे वाटले नाही.

इराण्याच्या हॉटेलाबद्दल आपण जे लिहिले आहे ते खरेच आहे, परंतु त्याचे कारण मला वेगळे दिसते. धोबी तलावच्या क्यानीसारख्या, 1904 पासून चालत आलेल्या ठिकाणी एका टेबलावर काय काय येत असे, ते आठवून पाहावे. चहा, ब्रून मस्का, खारी, फार तर ऑम्लेट-पाव किंवा खिमा-पाव. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग पदार्थांत फरक असला तरी तो कोणाच्या खिशाला जाणवावा एवढा नसे. शिवाय ही मंडळी रोज नाही तरी दर दोन-तीन दिवसांनी भेटत. आज एकाने दिले, उद्या दुसऱ्याने. पाळी आपोआप फिरत राही आणि महिनाभरात सगळ्यांचे बरोबर होऊन जाई. म्हणजे तिथे हिशेब नव्हता असे नाही, तो वारंवार होणाऱ्या भेटींतच मिटत होता. आज एक मित्र डोंबिवलीत, दुसरा पनवेलला, तिसरा हिंजवडीत असतो. तीन-चार महिन्यांनी एकदा गाठ पडते आणि दर वेळी माणसेही तीच नसतात. अशा मंडळींत ‘पुढच्या वेळी मी देईन’ या वाक्याला फारसा आधार उरत नाही, कारण पुढची वेळ कधी येणार हेच कोणाला ठाऊक नसते.

मेनूकार्डही बदलले आहे. एकाच हॉटेलात डाळ-खिचडी, सुरमई तवा फ्राय आणि दारू असे तिन्ही मिळते. पाच जण जेवायला बसले असे समजू. त्यांतल्या दोघांनी मिळून 2400 रुपयांची दारू घेतली आणि पाच जणांचे जेवण 3600 रुपयांचे झाले. जेवणावर 5 टक्के जीएसटी लागतो, त्याचे 180 रुपये. दारूवर जीएसटी नसून राज्याचा व्हॅट असतो. तो 10 टक्के धरला तर 240 रुपये. एकूण 6420, म्हणजे प्रत्येकी 1284. आता पाचव्या व्यक्तीने 320 रुपयांची डाळ-खिचडी आणि 90 रुपयांची सोलकढी घेतली असेल, तर करासकट तिचे होतात 430 रुपये 50 पैसे. तिच्याकडून आपण जवळजवळ तिप्पट रक्कम घेतली. त्यात दुसऱ्यांच्या दारूवरचा करही आला. ही व्यक्ती शाकाहारी असेल, श्रावण पाळणारी असेल, न पिणारी असेल किंवा नुकतीच नोकरीला लागलेली असेल. सारखी वाटणी दिसायला निःपक्षपाती असली तरी तिचा भार नेहमी कमी खाणाऱ्यावर पडतो आणि कमी खाणारा पुष्कळदा कमी कमावणाराच असतो.

दुसरी बाजूही पाहावी. सारखे भाग होणार हे आधी ठाऊक असले की माणूस जास्त मागवतो. 2004 साली इकॉनॉमिक जर्नल या नियतकालिकात इस्रायलमधल्या एका प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला होता. उरी ग्नीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा-सहा जणांच्या गटांना हॉटेलात जेवायला बसवले. ज्यांना आपापले बिल द्यायचे होते त्यांचा सरासरी खर्च सुमारे 37 शेकेल झाला, ज्यांच्यात सारखी वाटणी होणार होती त्यांचा सुमारे 51 आणि ज्यांना जेवण फुकट होते त्यांचा सुमारे 82. त्या गटांत माणसे एकमेकांच्या ओळखीची नव्हती, त्यामुळे जिवलग मित्र इतके हात सोडून मागवणार नाहीत असे आपण म्हणू शकता आणि ते मला मान्य आहे. तरी ‘टेबलसाठी’ म्हणून कोणी एकाने चार स्टार्टर एकदम सांगून टाकावेत आणि बाकीच्यांनी गप्प बसावे, हा प्रकार जिवलग मित्रांतच अधिक घडतो, कारण तिथे नको म्हणणे जड जाते.

यावरून मी आपल्या तिसऱ्या आक्षेपाकडे येतो, आणि माझा खरा मतभेद इथेच आहे. परवडत नसेल तर सांगावे, हे म्हणणे ज्याला परवडते त्याला सोपे आहे. ज्याच्या पगारातून गावी पैसे जातात, ज्याच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज आहे, त्याने भरल्या टेबलावर हे कसे सांगावे? सांगितले तर ‘अरे सोड, तुझे मी देतो’ असे उत्तर येते. ते प्रेमानेच दिलेले असते, पण त्यानंतर तो माणूस पंगतीतला बरोबरीचा मित्र राहत नाही, उपकाराखालचा होतो. म्हणून तो सांगत नाही. तो फक्त येणे बंद करतो. आज अंगात कणकण आहे, घरी पाहुणे आले आहेत, ऑफिसात काम निघाले, अशी कारणे एकामागून एक येतात आणि वर्षभराने आपण म्हणतो की तो हल्ली बदलला आहे. माझ्या ओळखीची एक मुलगी अशाच गटातून हळूहळू बाजूला झाली. तिचा कोणाशी वाद नव्हता, दर भेटीत जाणारे हजार-बाराशे रुपये एवढेच कारण होते, आणि ते गटातल्या कोणालाही आजतागायत माहीत नाही. मैत्रीला काय शोभते हा प्रश्न आपण विचारला आहे, तर हे मला मैत्रीला अजिबात शोभत नाही असे वाटते.

वेटरबद्दलची आपली काळजी योग्य आहे. गर्दीच्या वेळी पाच जणांनी पाच बिले मागणे हा त्याच्यावर अन्यायच आहे. परंतु लेखात मी तसे सुचवले नव्हते. बिल एकच असावे, ते एकाने भरावे आणि बाकीच्यांनी आपापला वाटा त्याला यूपीआयने पाठवावा. पापड, रोट्या, सर्वांनी मिळून खाल्लेले स्टार्टर यांचे सारखे भाग करावेत. ज्याचा मुख्य पदार्थ त्याचा त्याच्याकडे आणि दारू पिणाऱ्यांकडे. पाच-दहा रुपयांच्या फरकाकडे पाहू नये. वेटरची खरी काळजी असेल तर टीप त्याच्या हातात रोख द्यावी. बिलात आपोआप लावलेला सेवा आकार त्याच्यापर्यंत पोहोचतोच असे नाही, आणि तो देणे बंधनकारकही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली.

वाढदिवसाची किंवा पहिल्या पगाराची पार्टी ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे एक जण यजमान असतो, ते सर्वांना आधीपासून माहीत असते आणि त्याच्या आनंदात कोणी कॉन्ट्रीचा विषय काढू नये. माझा आक्षेप यजमानपणावर कधीच नव्हता.

कमी-अधिक कमाई असणारे मित्र एकत्र येणार असतील तर हॉटेलची निवडच निम्मा प्रश्न सोडवते. माटुंगा स्टेशनजवळच्या रामा नायकांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये 1942 पासून केळीच्या पानावर पोटभर जेवण वाढतात. तिथे प्रत्येकाचा आकडा बसण्याआधीच ठरलेला असतो आणि कोणी किती भात घेतला हे कोणी पाहत नाही. पुण्यात टिळक रोडवरच्या दुर्वांकुरची थाळीही तशीच. दादरला प्रकाश किंवा मामा काणे यांच्याकडे साबुदाणा वडा, थालीपीठ, पीयूष असे मागवले तर सारखे भाग करूनही कोणाला बोच लागत नाही. अशा ठिकाणी आपली जुनी, पाळीपाळीने बिल देण्याची पद्धत आजही बिनघोर चालेल. पण मंडळींपैकी कोणाला परमिट रूममध्येच बसायचे असेल, तर त्याने ठिकाण सुचवतानाच माणशी अंदाजे किती खर्च येईल आणि दारूचे कोण देणार हे ग्रुपवर लिहावे. ज्याला तेवढा खर्च नको असेल त्याला घरबसल्या दुसरे ठिकाण सुचवता येईल.