पंचांगाला कॉन्टॅक्ट्स कशाला हवेत?

तिथी बघायला पंचांगाचं अ‍ॅप घ्यावं, तर उघडताक्षणी ते कॉन्टॅक्ट्स मागतं. एकादशी काय आपल्या फोनबुकात दडून बसलीय? लोकेशन एक वेळ समजू शकतो, सूर्योदय गावागणिक बदलतो. पण त्याला 'अंदाजे' लोकेशन भरपूर झालं. अँड्रॉइड १२ पासून तो पर्याय परवानगीच्या चौकटीतच मिळतो. फक्त 'अचूक' आधीच निवडलेलं असतं, आणि आपण घाईत ठोकतो होकार!

प्ले स्टोअरवरचं 'डेटा सेफ्टी' (अ‍ॅप आपला कोणता डेटा घेतं, ते सांगणारा भाग) वाचून निर्धास्त होऊ नका. २०२२ पासून दिसणारी ती माहिती अ‍ॅप बनवणाराच भरतो. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

खरी झडती सेटिंग्जमध्ये: प्रायव्हसी, मग परमिशन मॅनेजर. (काही फोनांत ते आणखी दोन मेन्यू आत पुरलेलं असतं.) लोकेशनखाली 'नेहमी' असलेली अ‍ॅप्स आधी 'वापरताना'वर आणा. प्रायव्हसी डॅशबोर्डमध्ये गेल्या २४ तासांत माइक कुणी उघडला, तेही वेळेसकट दिसतं. इंटरनेटसाठी मात्र कुणी विचारतच नाही, ते परस्पर मंजूर. आणि जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातींसाठी आपला फोन ओळखणारा क्रमांक? तो या यादीत नाहीच. गूगलच्या सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅड्स'खाली जाऊन वेगळा डिलीट करायचा.