थरथर दिसते, मन दिसत नाही

मेंदूच्या आजारात उदासी येणं साहजिकच, असं मेंदूच्या आजारांवरच्या एका लेखात वाचलं. माझी गाडी तिथेच अडली. कंपवातातलं (पार्किन्सन्सच्या आजारातलं) नैराश्य म्हणजे नुसतं आजाराचं दुःख नव्हे. हात थरथरायच्या काही वर्षं आधीही ते येऊ शकतं, कारण मेंदूतली रसायनंच बदलत असतात. ज्यांचं नाव या आजाराला मिळालं, त्या डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली यात बुद्धी शाबूत राहते असं लिहून ठेवलं, तेव्हापासून सगळ्यांचं लक्ष थरथरीकडेच.

माझ्या बाबांना कंपवात आहे. त्यांना संध्याकाळी पलंगावर नसलेली लहान मुलं बसलेली दिसायची. बाबा सरकून त्यांना जागा द्यायचे! न्यूरोलॉजिस्टनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, तिथे भासांवरचं औषध हॅलोपेरिडॉल मिळालं. आठवडाभरात बाबांना कूसही बदलता येईना. ते औषध डोपामिन, म्हणजे हालचालीसाठी लागणारं मेंदूतलं रसायन अडवतं, आणि बाबांकडे मुळात त्याचाच तुटवडा. पुढे मेंदू आणि मन अशा दोन्ही बाजू जाणणाऱ्या न्यूरोसायकिअ‍ॅट्रिस्ट बाई भेटल्या. त्यांनी आधी कंपवाताच्या गोळ्या थोड्या कमी केल्या, मग क्वेटियापिन हे भासांवरचं दुसरं औषध दिलं, अगदी चिमूटभर.

मुलं अजून येतात, पण क्वचित. आणि बाबा आता हसून सांगतात, ‘आज दोघंच होती.’