संघ गेला, हप्ते राहिले

ठाण्याजवळ आमणे इथे एक लाख प्रेक्षकांचं क्रिकेट स्टेडियम उभारायचं, या मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या बेतावरून आमच्या घरच्या ग्रुपवर वाद रंगतो. मावसभाऊ मला सुनावतो, "दादा, तुमच्याकडे शहरागणिक अशी स्टेडियमं आहेत. आपण नुसते वाद घालत बसतो." मी अमेरिकेत सेंट लुईसला राहतो. इथल्या डोमवरून, म्हणजे छप्पर असलेल्या फुटबॉल स्टेडियमवरून, जाताना त्याचं हे बोलणं आठवतं आणि पटत नाही.

१९८८मध्ये कार्डिनल्स हा इथला फुटबॉल संघ ॲरिझोनाला निघून गेला. (अमेरिकी फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळण्याचा.) ती सल जावी म्हणून सरकारी कर्ज काढून डोम बांधला आणि १९९५मध्ये लॉस एंजेलिसचे रॅम्स आणले. म्हणजे दुसऱ्या गावचा संघ आपणही पळवलाच. हप्ता वर्षाला २ कोटी ४० लाख डॉलर, निम्मा राज्याचा, उरलेला शहर आणि काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी).

खरी गोम करारात होती. ठरावीक वर्षी हा डोम देशातल्या वरच्या पाव स्टेडियमांत बसला पाहिजे, नाहीतर संघ करारातून मोकळा. पण स्टेडियम तर दरवर्षी जुनं होणारच, आणि दुसऱ्या शहराने नवं बांधलं की आपलं आपोआप खाली घसरणार. अशा कलमावर सह्या करणाऱ्यांचा मला आजही राग येतो. २०१३मध्ये लवादाने संघाच्या बाजूने कौल दिला. डोमच्या नूतनीकरणाचा खर्च सुमारे ७० कोटी डॉलर होता, तो द्यायला इथल्यांनी नकार दिला. जानेवारी २०१६मध्ये फुटबॉल लीगमधल्या सगळ्या संघांच्या मालकांनी ३० विरुद्ध २ मतांनी रॅम्सना परत लॉस एंजेलिसला जाऊ दिलं. डोमचे हप्ते मात्र पुढेही काही वर्षं चालू राहिले.

शेजारच्या आजोबांच्या गॅरेजात रॅम्सची जर्सी अजून टांगलेली आहे. जानेवारी २०००मधल्या सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) विजयाबद्दल ते बोलतात तेव्हा घरातल्या लग्नाची आठवण सांगावी तसे बोलतात. ही माया कुणी विकत घेतलेली नव्हती. पण मालक वाटाघाटीला बसतो तो तिच्याच जोरावर.

संघ गेल्यावर शहराने रॅम्स आणि लीगवर दावा लावला, २०२१मध्ये ७९ कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्यातले एक तृतीयांशाहून जास्त वकिलांना गेले. मे २०२५मध्ये टॉर्नेडोने शहराचा उत्तर भाग मोडून काढला, तेव्हा मदतीचे ३ कोटी याच पैशांतून निघाले.

भावाला मी दुसरीही गोष्ट सांगतो. २०१७मध्ये सॉकर स्टेडियमसाठी शहराचे ६ कोटी डॉलर द्यायचे का, यावर इथे मतदान झालं. लोकांनी नाही म्हटलं. आता संघ विसराच, असं तेव्हा पुष्कळांना वाटलं. पुढे एका स्थानिक उद्योजक कुटुंबाने बहुतांश स्वतःच्या पैशाने स्टेडियम बांधलं. करसवलती घेतल्या, हे खरं. पण २०२३पासून संघ तिथे खेळतोय.

मुंबईचा संघ कुणी पळवून नेईल, ही भीती आपल्याला नाही. रॅम्स गेले त्याच २०१६च्या उन्हाळ्यात दुष्काळामुळे उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने राज्याबाहेर पाठवले, अंतिम सामना बेंगळुरूला झाला, आणि मुंबईचं क्रिकेट काही बुडालं नाही. आपल्याकडे पैसा गुपचूप झिरपतो. २०२३मध्ये राज्य सरकारने क्रिकेट सामन्यांच्या पोलिस बंदोबस्ताचे दर उतरवले, तेही २०११पासून, मागच्या तारखेने! त्यावर कोणी मतदान घेतलं? प्रकरण न्यायालयात गेलं म्हणून निदान चर्चा तरी झाली.

म्हणून काल ग्रुपवर लिहिलं: आमण्याचं स्टेडियम जरूर व्हावं, सुट्टीवर आलो की मलाही तिथे बसून सामना बघायचाय. पण जमीन कोणत्या भावाने, किती वर्षांसाठी, रस्ता, पाणी आणि बंदोबस्त कोणाच्या खर्चाने, हे कागद भूमिपूजनाच्या आधी मागा. आणि सगळी कलमं वाचा, शेवटच्या पानावरचीसुद्धा.