फ्रोझन मटार ‘मेलेलं अन्न’ नाही

‘फ्रोझन मटारात सत्त्व उरत नाही, हिरवेपणा रंगाचा असतो आणि तो टिकतो प्रिझर्व्हेटिव्हवर’, असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. तो वाचून लोक एक चांगली, स्वस्तात पोषण देणारी भाजी टाळू लागले आहेत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी सत्त्वाचं बोलू. मटार वेलीवरून तोडला की उतरायला लागतो. त्यातल्या साखरेचा स्टार्च होतो, क जीवनसत्त्व घटतं. म्हणून चार दिवस पडून राहिलेल्या शेंगेतला दाणा पिठूळ लागतो. गोठवायचा मटार मात्र सहसा तोडल्यापासून काही तासांतच कारखान्यात पोहोचतो. तिथे तो मिनिट-दोन मिनिटं गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढतात. या ब्लांचिंगमध्ये क जीवनसत्त्वाचा बराच भाग जातो, हे मान्यच करायला हवं. पण दाण्याची चव आणि रंग बिघडवणारी एन्झाइम्सही तिथेच निकामी होतात, आणि पुढची घसरण मंदावते. शिवाय ताजा मटार आपण कच्चा थोडाच खातो? शिजताना त्याचंही क जीवनसत्त्व जातंच. तुलना करायची तर शिजलेल्याची शिजलेल्याशी करा. मग फरक फारसा उरत नाही. प्रथिनं आणि तंतू तर दोन्हींत जवळपास सारखेच: १०० ग्रॅममागे प्रत्येकी साधारण ५ ग्रॅम.

आता रंग. ताजे दाणे उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट टाकून बघा. पेशींमधली हवा निघून जाते आणि दाणा एकदम हिरवागार दिसतो. ब्लांचिंगमध्ये हेच होतं.

प्रिझर्व्हेटिव्हची गरजच नाही. उणे १८ अंश सेल्सिअसला जंतूंची वाढ थांबते. खात्री हवी तर पाकिटामागची घटकांची यादी वाचा. बहुतेकदा तिथे फक्त मटार असतो, कधी जोडीला मीठ.

खरी काळजी घ्यायची ती वेगळीच, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही. थंडीने जंतू वाढायचे थांबतात, पण सगळे मरत नाहीत. म्हणून हे दाणे नुसते वितळवून कोशिंबिरीत घालू नका, गरम वाफ येईपर्यंत शिजवा. पाकीट हाताला मोकळं लागायला हवं. आत एकच घट्ट गोळा असेल तर माल मध्येच वितळून पुन्हा गोठलेला असण्याची शक्यता मोठी, तो घेऊ नका. आणि भांडंभर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देण्यापेक्षा दाणे फ्रीजरमधून थेट भाजीत, शेवटच्या चार-पाच मिनिटांत घाला.